जुनी जीप ८० ने पळवायचीय? आटपाडीच्या चढावर मागचा क्राऊन बदलण्याआधी हे गणित मांडा

इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, तरी गाडी बदलते. कारण बदलतो तो मागच्या ॲक्सलमधला दात्यांचा हिशेब. जुन्या जीपसाठी कोणता रेशो घ्यावा, का घ्यावा आणि हौसेत नेमकी चूक कुठे होते?

आटपाडी, दिघंची, करगणी, खरसुंडी या पट्ट्यात जीपचे तीन जन्म झाले. आधी ती वडाप होती. मग शेताची गाडी झाली. आता ती हौसेची झाली आहे. गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेल्या कुटुंबांतला मुलगा गावी येतो, गोठ्याशेजारी झाकून ठेवलेली आजोबांची जीप बाहेर काढतो आणि रंग, सीट, टायर या क्रमाने खर्च सुरू होतो. सगळं झाल्यावर पहिली तक्रार येते ती अशी : "गाडी ६० च्या पुढे गेली की नुसती बोंबलते. पळत नाही."

यावर गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं. "मागचा क्राऊन बदला. नव्या गाडीचा टाका. उडेल."

गाडी उडेल हे खरं आहे, पण फक्त सपाट रस्त्यावर, रिकामी असताना आणि समोर काही आडवं आलं नाही तर. आटपाडीसारख्या तालुक्यात या तिन्ही अटी एकत्र क्वचितच जुळतात. म्हणून हा निर्णय वेगाच्या हौसेवर सोडता कामा नये. आधी जीपकडून काम काय घ्यायचं हे ठरवावं, दात्यांचा हिशेब त्यानंतर.

क्राऊन-पिनियन म्हणजे नेमकं काय?

गिअरबॉक्समधून निघालेला फिरता जोर प्रोपेलर शाफ्टमधून मागच्या ॲक्सलपर्यंत येतो. तिथे शाफ्टच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, त्याला मेकॅनिक टेल पिनियन म्हणतात. ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, तो क्राऊन. मोठ्या चाकाच्या दात्यांना लहान चाकाच्या दात्यांनी भागलं की जो आकडा येतो, तोच ॲक्सलचा रेशो.

उदाहरण घ्या. क्राऊनला ४३ दाते आणि पिनियनला ८. भागाकार ५.३८. म्हणजे मागचं चाक एकदा फिरण्यासाठी शाफ्टला जवळपास साडेपाच फेऱ्या माराव्या लागतात. ३९ आणि ८ दाते असतील तर रेशो ४.८८. ४१ आणि ११ असतील तर ३.७३.

बाइकचं चेन-स्प्रॉकेट ज्याने बदललंय त्याला हे लगेच कळेल. मागचं स्प्रॉकेट मोठं केलं की बाइक चढाला जोर धरते, पण टॉप स्पीड घटतो. लहान केलं की उलट होतं. जीपच्या मागच्या गोळ्यात हाच व्यवहार होतो. आकडा मोठा तर ओढ जास्त, आकडा लहान तर पळ जास्त. दोन्ही एकत्र फुकटात मिळत नाहीत.

ही चर्चा जगात नवी नाही

अमेरिकेत १९६० च्या दशकात 'मसल कार' नावाचा प्रकार गाजला. मध्यम आकाराच्या गाडीत दांडगं इंजिन बसवायचं आणि पाव मैलाच्या सरळ शर्यतीत उतरवायचं. १९६४ ची पाँटिॲक जीटीओ ही त्यातली गाजलेली गाडी. तिथले शौकीन आजही जुन्या गाडीचं काम काढलं की याच प्रश्नावर येऊन अडतात : तीनच्या आसपासचा रेशो ठेवायचा की चारच्या पुढचा? शर्यतीला चारच्या पुढचा बरा, रोज महामार्गावर फिरायला तीनच्या जवळचा.

पण त्या गाड्यांत सहा लिटरपेक्षा मोठं इंजिन असायचं. रेशो चुकला तरी इंजिन सांभाळून घ्यायचं. आपल्या जीपची गोष्ट वेगळी आहे. महिंद्राने १९४७ च्या सुमारास विलीस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत बंद झाल्यावरही भारतात बनत राहिलं. तिचं पेट्रोल इंजिन २.२ लिटरचं, ताकद पंचाहत्तर अश्वशक्तीच्या आतबाहेर, गिअर तीन. इतक्या बेताच्या ताकदीवर चढ, चिखल आणि ओझं पेलायचं म्हणून तिला ५.३८ चा रेशो दिला होता. तो आकडा विचारपूर्वक ठरवलेला होता. कंपनीला वेगवान जीप बनवता येत नव्हती, असा त्याचा अर्थ नाही.

आता साधं गणित

ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर १,००० मीटर. जुन्या जीपच्या ६.००-१६ टायरचा घेर साधारण २.२ मीटर धरला, तर चाकाला मिनिटाला सुमारे ४५५ फेऱ्या माराव्या लागतात. टॉप गिअरमध्ये या फेऱ्यांना ॲक्सलच्या रेशोने गुणलं की इंजिनच्या फेऱ्या मिळतात.

• ५.३८ : ६० ला सुमारे २,४५० फेऱ्या, ८० ला ३,२६०
• ४.८८ : ६० ला २,२२०, ८० ला २,९६०
• ४.५६ : ६० ला २,०७०, ८० ला २,७६०
• ४.२७ : ६० ला १,९४०, ८० ला २,५९०
• ३.७३ : ६० ला १,७००, ८० ला २,२६०

हे आकडे पाहिले की कुणालाही ३.७३ चा मोह होईल. ८० ला इंजिन निवांत, आवाज कमी, डिझेल-पेट्रोल वाचणार असं वाटतं. पण चाकावर पोहोचणारा जोरही याच प्रमाणात घटतो. ५.३८ ला जोर १०० धरला, तर ४.८८ ला तो ९१, ४.५६ ला ८५, ४.२७ ला ७९ आणि ३.७३ ला ६९ उरतो. थोडक्यात, इंजिन सुस्थितीत असूनही गाडीची जवळपास एकतृतीयांश ओढ गेली.

चढावर काय होतं?

आटपाडीकडून भिवघाटाच्या दिशेने चढणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. जीप, चार माणसं आणि मागे डाळिंबाचे २० किलोचे २० कॅरेट. एकूण वजन १,८०० किलो धरू. दहा मीटरला एक मीटर चढ असेल, तर गाडी वर ढकलायला सुमारे १८० किलोचा जोर हवा. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर धरली तर चाकावर ६३ किलोग्रॅम-मीटर टॉर्क लागतो.

टॉप गिअरमध्ये ५.३८ असेल तर त्यासाठी इंजिनकडून ११.७ किलोग्रॅम-मीटर हवेत. ३.७३ असेल तर १६.९. सीजे-३बीच्या त्या पेट्रोल इंजिनचा सर्वाधिक टॉर्क नवं असतानाही १६ च्या थोडा खालीच होता. हवेचा आणि टायरचा विरोध तर यात धरलेलाच नाही. म्हणजे मूळ रेशोवर गाडी कशीबशी टॉपमध्ये चढेल; ३.७३ वर चढणारच नाही, दुसरा गिअर टाकावाच लागेल.

तो टाकल्यावर गंमत बघा. या जीपच्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरचा रेशो १.५५ आहे. त्याला ३.७३ ने गुणलं की ५.७८ येतात. म्हणजे नव्या रेशोचा दुसरा गिअर हा जवळपास जुना टॉप गिअरच झाला! तीन गिअरच्या गाडीतला खालचा एक गिअर हौसेपायी खर्ची पडला.

त्याचा फटका पहिल्या गिअरला बसतो. जुना हिशेब २.८ गुणिले ५.३८, म्हणजे १५. नवा हिशेब १०.४. भरलेली गाडी चढावर उभी करून पुन्हा उचलायची वेळ आली की ड्रायव्हर क्लच अर्धा दाबून इंजिन वाढवतो. वास येतो, प्लेट जळते. मग दोष क्लच प्लेटच्या दर्जाला दिला जातो. खरा दोषी मागच्या गोळ्यात बसलेला असतो.

शेतातला संथपणा हीच खरी कमाई

टेंभूचं पाणी आल्यापासून तालुक्यात जिथे फक्त कुसळं उगवायची तिथे बागा आणि ऊस दिसू लागला. पाणी आलं तशी ओली वाटही आली. बांधावरून, पाटाकडेच्या चिखलातून जाताना जीप वेगाने नाही, तर सावकाश आणि न थांबता चालावी लागते.

फोर-व्हील लोमध्ये पहिल्या गिअरला मूळ जीपचा एकूण हिशेब ३७ च्या आसपास येतो. इंजिन ८०० फेऱ्यांवर सोडलं तर गाडी ताशी २.८ किलोमीटरने चालते. माणूस बाजूने चालत दगड बघू शकतो. ३.७३ घातल्यावर हाच वेग ४.१ होतो. फरक छोटा वाटतो, पण खडकाळ ओढ्यात क्लच दाबावा लागतो की नाही, ते इथेच ठरतं.

उतार आणि ब्रेक : ज्यावर कुणी बोलत नाही

रेशोची चर्चा नेहमी चढावर आणि वेगावर होते. जीव जातो तो उतारावर. ताशी ४० ने टॉप गिअरमध्ये उतरताना ५.३८ असेल तर इंजिन सुमारे १,६३० फेऱ्यांवर असतं आणि गाडीला मागे खेचून धरतं. ३.७३ असेल तर ते १,१३० वर येतं. इंजिनाची पकड सैल होते आणि उरलेलं काम ब्रेकच्या गळ्यात पडतं.

ते ब्रेक कसे? मूळ सीजे-३बीला चारही चाकांना ड्रम, बूस्टर नाही. तापले की पकड सोडणारे. वेग ६० वरून ८० केला म्हणजे वाढ एकतृतीयांश, पण थांबवताना ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा ७८ टक्क्यांनी वाढते. गाडीला सीटबेल्ट नाही, छप्पर कापडाचं, मागे आडव्या बाकावर पोरं बसलेली. अशा गाडीला ८० चा वेग मिळवून द्यायचा आणि ब्रेक १९६० च्या दशकातले ठेवायचे, ही हौस परवडणारी नाही. खर्चाला पैसे मोजकेच असतील, तर ते आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि टायरवर घालावेत.

मग रेशो कधीच बदलू नये का?

तसंही नाही. बदलण्याचं एक कारण अगदी रास्त आहे. या भागातल्या अनेक पेट्रोल जीपमध्ये पुढे डिझेल इंजिन बसवलं गेलं. त्या पिढीतली बरीच डिझेल इंजिनं ३,००० ते ३,५०० फेऱ्यांच्या पुढे फारसा जोर देत नाहीत, पण कमी फेऱ्यांवर त्यांची ओढ चांगली असते. अशा इंजिनामागे ५.३८ ठेवला तर ६५-७० लाच इंजिन कावतं आणि खालची ओढ वाया जाते. तिथे ४.८८ शहाणपणाचा, आणि गाडी बहुतेक वेळ डांबरीवरच असेल तर ४.५६ ही चालेल.

दुसरा मार्ग पाच गिअरच्या गिअरबॉक्सचा. पाचवा गिअर ०.८ चा असेल तर ५.३८ चा हिशेब महामार्गावर ४.३ होतो आणि चढावर चौथ्या गिअरमध्ये पुन्हा ५.३८ हातात राहतो. अर्थात त्यासाठी माउंटिंग, शाफ्टची लांबी, क्लचची जुळणी हा सगळा खटाटोप आणि खर्च येतो. कागदोपत्री प्रश्नही येतात, त्याबद्दल पुढे.

टायर बदललेत? मग रेशो आधीच बदललाय

इथे बहुतेकांची फसगत होते. २८ इंचाच्या टायरच्या जागी दिसायला भारदस्त म्हणून ३१ इंचाचे टायर घातले, की ५.३८ चा परिणाम थेट ४.८६ इतका होतो. म्हणजे क्राऊनला हात न लावता ४.८८ बसवल्यासारखंच झालं. त्यावर पुन्हा ३.७३ घातला, तर जीपची ओढ जवळपास ३७ टक्क्यांनी घटते.

स्पीडोमीटरही खोटं बोलू लागतो. या जीपमध्ये त्याची केबल ट्रान्सफर केसकडून येते, चाकाकडून नाही. ३१ इंची टायर आणि ४.८८ चा क्राऊन दोन्ही घातले, तर काटा ६० वर असताना गाडी प्रत्यक्षात ७३ ने धावत असते. केबलचं छोटं गिअर न बदलता रेशो बदलणं म्हणजे डोळ्यावर पट्टी बांधून गाडी चालवणं.

सर्वात महाग चूक : फक्त मागचा क्राऊन बदलणं

जीप फोर-व्हील असेल तर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचा रेशो सारखाच हवा. मागे ४.८८ आणि पुढे ५.३८ राहिला, तर फोर-व्हील टाकल्यावर मागची चाकं १०० मीटर जातात तेवढ्या वेळात पुढची चाकं ९० मीटरच जाऊ बघतात. उरलेले दहा मीटर कुणीतरी घसरून भरून काढायचे. चिखलात टायर घसरतो. कोरड्या रस्त्यावर घसरायला जागा नसते. मग शाफ्टचा क्रॉस, ट्रान्सफर केसचं गिअर किंवा क्राऊनचा दाताच तुटतो.

ही चूक लपून राहते, कारण उन्हाळाभर गाडी टू-व्हीलवर चालते आणि काही जाणवत नाही. पहिल्या पावसात लिव्हर ओढल्यावर बिल येतं. मागच्या क्राऊनच्या भावात 'काम झालं' असं सांगणाऱ्या कारागिराला पुढच्या क्राऊनचा भाव आधी विचारावा.

सध्याचा रेशो घरीच कसा ओळखाल?

१. पुढच्या चाकांना उटी लावा. मागची दोन्ही चाकं उचलून भक्कम स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका.
२. गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा. या जीपचा हँडब्रेक शाफ्टलाच धरतो, त्यामुळे तो सोडल्याशिवाय शाफ्ट फिरणारच नाही.
३. शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करा.
४. दोघांनी दोन्ही चाकं एकदम, एकाच दिशेने बरोबर एक फेरी फिरवावीत. शाफ्ट किती फिरला ते मोजा. पाच आणि थोडं कमी अर्धं असेल तर ५.३८. पाचाला थोडं कमी असेल तर ४.८८. पावणेचारच्या जवळ असेल तर ३.७३.
५. एकच चाक उचललं असेल तर ते दोन फेऱ्या फिरवा; डिफरन्शियलमुळे हिशेब तेवढाच येतो.

पुढच्या ॲक्सलचीही अशीच मोजणी करा. जुन्या जीपमध्ये आधीच्या मालकाने काय घातलंय, याचा भरवसा नसतो.

बसवणाऱ्याचा हात महत्त्वाचा

क्राऊन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते. एका गाडीचा क्राऊन आणि दुसरीचा पिनियन अशी सोयरीक टिकत नाही. बसवताना पिनियन किती आत बसतो, बेअरिंगवर किती दाब आहे आणि दोन दात्यांत किती मोकळीक आहे, हे पत्रीच्या शिमा घालून जुळवावं लागतं. ती मोकळीक साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते. ती हाताच्या अंदाजाने नव्हे, डायल गेजने मोजायची. दात्यांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते पाहायचं. काही ॲक्सलमध्ये क्राऊन ज्यावर बसतो तो कॅरियरही रेशोनुसार वेगळा असतो, तो धरूनच खर्च काढावा.

काम झाल्यावर गाडी गाऊ लागली, म्हणजे ॲक्सिलेटर दिल्यावर किंवा सोडल्यावर मागून हुंकार येऊ लागला, तर '९० नंबरचं ऑइल जाड टाका' हा त्यावरचा उपाय नाही. गोळा पुन्हा खोलावा लागतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका ठामपणे मांडली. इंधनाचा प्रकार बदलला असेल तर त्याची नोंद लागतेच. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल यांचं काम काढण्याआधी सांगलीच्या आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणं स्वस्त पडतं. अपघातानंतर विचारणं महाग पडतं.

आटपाडीपासून जवळच, कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बनवलेली छोटी जीप २०२१ च्या अखेरीस देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी त्यांच्या कल्पकतेची तारीफ केली, आणि ती गाडी नियमांत बसत नाही हेही तेव्हाच सांगितलं. बदल्यात त्यांना बोलेरो मिळाली. सांगलीच्या मातीतला हात किती कुशल आहे हे त्यातून दिसलं. हात कितीही कुशल असला तरी रस्त्यावर नियम लागतात, हेही दिसलं.

जीप ५० वर्षांपेक्षा जुनी असेल तर आणखी एक मुद्दा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. मूळ रूपात जपलेल्या, चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नसलेल्या गाड्यांना त्यात नोंदणी मिळते. अशा गाड्या रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाहीत. म्हणून ज्यांना जीप वारसा म्हणून जपायची आहे, त्यांनी मूळ क्राऊन-पिनियन भंगारवाल्याला देऊ नये. ऑइल लावून, कापडात गुंडाळून, जोडीने ठेवावं.

तर आटपाडीसाठी कोणता रेशो?

• मूळ पेट्रोल इंजिन, मूळ टायर, शेत आणि गावचा रस्ता : ५.३८ ला हात लावू नका.
• मूळ पेट्रोल इंजिन पण मोठे टायर : ५.३८ च ठेवा. टायरनेच रेशो ४.८६ वर आणलाय.
• डिझेल इंजिन, मूळ मापाचे टायर, शेत आणि विटा-पंढरपूरची फेरी : ४.८८, पुढे-मागे दोन्हीकडे.
• डिझेल, टू-व्हील, बहुतांश डांबरी, आणि ब्रेक सुधारलेले : ४.५६.
• ३.७३ : तो ज्या नव्या, ताकदवान इंजिनांसाठी आणि पाच गिअरसाठी बनला, तिथेच शोभतो. जुन्या तीन गिअरच्या जीपमध्ये नाही.

"महामार्ग झाले, आता जुना रेशो कशाला?" हा सवाल चुकीचा नाही. गुहागर-विजयपूर महामार्गावर ५५ ने जाणाऱ्या जीपला मागून हॉर्न बसतात, हे खरं. पण महामार्गासाठी घरात दुसरी गाडी असते किंवा एसटी तरी असते. बांधावर, ओढ्यात आणि भरल्या कॅरेटसह चढावर जे काम ही जीप करते, ते दुसरी गाडी करत नाही. तिच्याकडून तेच काम काढून घ्यायचं आणि बदल्यात ताशी वीस किलोमीटर मिळवायचे, हा सौदा तोट्याचा आहे. गॅरेजमध्ये 'उडेल' असं कुणी म्हणालं, तर त्याला एकच प्रश्न विचारावा : भरल्या गाडीने चढावर उभी राहून पुन्हा उचलेल का?